कठीण वर्षानंतर बायबल कुठून उघडावे? तीन वाचनक्रम आणि एका अ‍ॅपची पारख

घरातले माणूस गेले, नोकरी सुटली, आजारपण लांबले, जवळचे नाते तुटले. असे वर्ष सरले की अनेक जण पुन्हा बायबलकडे वळतात. त्यात नेमाने उपासनेला जाणारे असतात, तसे कित्येक वर्षांत चर्चची पायरी न चढलेलेही असतात. सुरुवात मनापासून होते आणि काही आठवड्यांत वाचन थांबते. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो, आपली श्रद्धाच कमी पडली म्हणतो. खरे तर पुष्कळदा चुकलेला असतो तो क्रम. हाती घेतलेला वाचनक्रम सगळे पुस्तक ठरावीक मुदतीत संपवण्यासाठी आखलेला असतो, आणि दुःखातून नुकत्याच बाहेर आलेल्या, किंवा अजून त्यातच असलेल्या माणसाला त्याचा जाच होतो.

म्हणून तीन प्रचलित वाचनक्रम आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बायबल अ‍ॅप्सपैकी एक, यूव्हर्जन, यांची पारख इथे याच एका वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. पाहिले ते असे: दुःखी माणसाला आपलेसे वाटतील असे शब्द किती दिवसांत समोर येतात, रोज किती वेळ द्यावा लागतो, खाडा पडला तर काय होते, आणि वाचक शेवटी येशूच्या पुनरुत्थानापर्यंत पोहोचतो की नाही. शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची. ख्रिस्ती आशेचा पायाच पुनरुत्थान आहे. तिथवर न नेणारा क्रम मनाला थोडा वेळ बरे वाटायला लावेल, त्यापलीकडे फारसे काही देणार नाही.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत

सगळ्यांत जास्त लोक हाच मार्ग धरतात, कारण त्याला तक्ता लागत नाही. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. मोठ्याने वाचलेले अख्खे बायबल साधारण ७० ते ८० तासांचे होते, म्हणजे रोजची बारा-तेरा मिनिटे. वेळेची अडचण तशी नाहीच.

अडचण आहे ती टप्प्यांची. १ जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेला वाचक जानेवारीच्या अखेरीस लेवीय पुस्तकात शिरतो. त्याआधीच्या निर्गमच्या उत्तरार्धात निवासमंडपाची मापे, पडदे, खांब आणि याजकांची वस्त्रे यांचे तपशील असतात. पुढे अर्पणांचे नियम, शुद्धाशुद्धतेचे नियम, मग गणना या पुस्तकातल्या याद्या. या पुस्तकांचे मोल कमी नाही. पण रात्री झोप न लागणाऱ्या माणसाला त्यांतला अर्थ शोधण्याचे बळ त्या वेळी नसते. दुःख सोसणाऱ्या माणसाचे ईयोब हे पुस्तक मे महिन्यात येते. स्तोत्रसंहितेचे पहिले स्तोत्र मेच्या शेवटच्या आठवड्यात. मत्तयाचे शुभवर्तमान उघडते ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कारण जुन्या कराराचे ९२९ अध्याय आधी पार करावे लागतात. ज्याला आत्ता आधार हवा आहे त्याला येशूच्या जन्माची वंशावळ वाचायला साडेनऊ महिने थांबायला लावणे बरोबर नाही.

खाड्याचा हिशोबही क्रूर आहे. आठवडाभर वाचन राहिले की २३ अध्यायांची बाकी उभी राहते. ती फेडण्यासाठी माणूस भराभर वाचतो, डोळे ओळींवरून फिरतात आणि मनात काही उतरत नाही. या वाचकासाठी हा क्रम नको.

मॅकशेनचा तक्ता

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी हा तक्ता केला. पुढच्याच वर्षी, वयाच्या २९व्या वर्षी ते वारले. तक्ता आजही जगभर वापरात आहे. रोज चार ठिकाणचे वाचन: दोन कुटुंबाने एकत्र करायचे, दोन एकट्याने. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. १ जानेवारीला उत्पत्ती १, मत्तय १, एज्रा १ आणि प्रेषितांची कृत्ये १ अशी चार दारे एकदम उघडतात.

पहिल्या क्रमाचा मोठा दोष इथे नाही. येशू पहिल्याच दिवशी भेटतो. चार वेगवेगळ्या भागांचे वाचन एकमेकांवर प्रकाश टाकते, आणि ज्याला बायबलची ओळख आहे त्याला यातून फार मिळते. पण वर्षाचे जवळपास १,६०० अध्याय होतात. रोज सोळा-सतरा मिनिटे आणि चार वेळा संदर्भ बदलणे हे थकलेल्या डोक्याला झेपत नाही. दुःखात लक्ष टिकत नाही; तिसऱ्या वाचनाला येईपर्यंत पहिले पुसले जाते.

मॅकशेन यांना हे ठाऊक होते, आणि त्यांच्याबद्दल आदर वाढतो तो इथे. तक्त्याबरोबर त्यांनी त्याचे धोके स्वतःच लिहून दिले: वाचन नुसता उपचार होणे, आपण धार्मिक आहोत असा अभिमान चढणे, बेपर्वाईने वाचणे, आणि पेलणार नाही असे जू मानेवर येणे. कठीण वर्षानंतर चौथा धोका सगळ्यांत खरा ठरतो. तक्ता उत्तम आहे, फक्त त्याची वेळ नंतरची.

तीस दिवसांची स्तोत्रसंहिता

या पारखीत सर्वांत सरस ठरलेला क्रम हा. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आणि २,४६१ वचने आहेत. इंग्लंडच्या चर्चने बुक ऑफ कॉमन प्रेयर या आपल्या प्रार्थनाग्रंथात, १५४९ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच, त्यांची महिन्यावर वाटणी केली: तीस दिवस, रोज सकाळ आणि संध्याकाळ, एकूण ६० भाग. आज सर्वाधिक चालणारी वाटणी १६६२ च्या आवृत्तीतली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमात मठवासी सगळी १५० स्तोत्रे एका आठवड्यात म्हणत. त्या मानाने हा क्रम संसारी माणसाला पेलणारा आहे. एका बैठकीला सरासरी ४१ वचने येतात. सावकाश, मोठ्याने वाचली तरी सात-आठ मिनिटे पुरतात.

वाटणी अशी आहे. प्रत्येक तारखेला आधी सकाळचा भाग, मग संध्याकाळचा:

१: १–५, ६–८
२: ९–११, १२–१४
३: १५–१७, १८
४: १९–२१, २२–२३
५: २४–२६, २७–२९
६: ३०–३१, ३२–३४
७: ३५–३६, ३७
८: ३८–४०, ४१–४३
९: ४४–४६, ४७–४९
१०: ५०–५२, ५३–५५
११: ५६–५८, ५९–६१
१२: ६२–६४, ६५–६७
१३: ६८, ६९–७०
१४: ७१–७२, ७३–७४
१५: ७५–७७, ७८
१६: ७९–८१, ८२–८५
१७: ८६–८८, ८९
१८: ९०–९२, ९३–९४
१९: ९५–९७, ९८–१०१
२०: १०२–१०३, १०४
२१: १०५, १०६
२२: १०७, १०८–१०९
२३: ११०–११३, ११४–११५
२४: ११६–११८, ११९ ची वचने १–३२
२५: ११९ ची वचने ३३–७२, ७३–१०४
२६: ११९ ची वचने १०५–१४४, १४५–१७६
२७: १२०–१२५, १२६–१३१
२८: १३२–१३५, १३६–१३८
२९: १३९–१४१, १४२–१४३
३०: १४४–१४६, १४७–१५०

महिना ३१ दिवसांचा असेल तर शेवटच्या दिवशी ३० तारखेचेच भाग पुन्हा वाचायचे.

या क्रमाची खरी ताकद तारखेत आहे. पुस्तकात खूण ठेवावी लागत नाही. आज १२ तारीख असेल तर १२ चे वाचायचे. मधले चार दिवस वाचन झाले नसेल तरी आज १२ चेच वाचायचे. जे राहिले ते पुढच्या महिन्यात आपसूक समोर येते. बाकी साचत नाही आणि मागे पडलो ही भावनाही येत नाही. याच कारणाने सुरुवातीसाठी एक तारखेची वाट पाहू नये. हातात आजचा दिवस आहे तर आजच्या ओळीपासून सुरू करावे.

दुसरी ताकद म्हणजे हा क्रम दुःखाला लगेच वाट करून देतो. पहिल्याच संध्याकाळी सहावे स्तोत्र येते. त्यात कण्हून दमलेला माणूस रात्रभर आसवांनी अंथरूण भिजवतो. दुसऱ्या संध्याकाळी तेरावे: पहिल्या दोनच वचनांत चार वेळा विचारले आहे, परमेश्वरा, कुठवर? आठव्या संध्याकाळी ४२ आणि ४३ लागोपाठ येतात, आणि तू का खिन्न झालास हा आपल्याच जिवाला विचारलेला प्रश्न त्या एका बैठकीत तीनदा परततो. स्तोत्रसंहितेत इतर कोणत्याही प्रकारापेक्षा विलापाची स्तोत्रे जास्त आहेत. देवापुढे तक्रार करणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे ज्याला शिकवले गेले आहे, त्याने हे नीट पाहावे: तक्रार शास्त्रातच आहे, आणि ती प्रार्थना म्हणूनच आहे.

चौथ्या संध्याकाळी तर फार मोठी गोष्ट घडते. २२वे आणि २३वे स्तोत्र एकाच बैठकीत येतात. बावीसावे उघडते ते माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास या आक्रोशाने. मत्तय आणि मार्क सांगतात की वधस्तंभावर येशूने हेच शब्द उच्चारले. त्याच्या लगेच पुढे मेंढपाळाचे स्तोत्र आहे, जे सुटे सुटे छापलेले सगळ्यांनी पाहिलेले असते. आधीची ३१ वचने वाचून मग ते वाचले की मृत्युच्छायेच्या दरीचा उल्लेख निव्वळ काव्य राहत नाही. ही संध्याकाळ चुकवू नये.

वाचायचे कसे, हेही नेमके सांगायला हवे, कारण इथेच पुष्कळांचे बिनसते.

मोठ्याने वाचावे, किमान ओठ हलवून. स्तोत्रांची वचने बहुधा दोन अर्ध्यांची असतात: पहिला अर्धा म्हणतो ते दुसरा वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो किंवा पुढे नेतो. दोन अर्ध्यांच्या मध्ये एक श्वास थांबावे. वाचनाचा वेग आपोआप कमी होतो आणि शब्द कानावर पडतात.

बैठकीत एकच वचन निवडावे आणि समासात बारीक अक्षरात तारीख घालावी. त्यासाठी पेन्सिल घ्यावी. बायबलचा कागद पातळ असतो आणि शाईच्या पेनाची रेघ पाठच्या पानावर उतरते. पुढच्या महिन्यात त्याच पानावर आले की दुसरी तारीख पडेल, बहुधा वेगळ्या वचनाजवळ. तिसऱ्या फेरीत असे दिसते की पहिल्या महिन्याच्या तारखा "कुठवर" च्या ओळींजवळ होत्या आणि आता त्या खालच्या वचनांकडे सरकल्या आहेत. कधी सरकत नाहीत. तेही प्रामाणिक उत्तर आहे आणि ते पाळकांना दाखवण्याजोगे आहे.

आठवड्यातून एकदा, एखाद्या विलापस्तोत्राच्या साच्यात स्वतःची प्रार्थना लिहावी. तेरावे स्तोत्र यासाठी सर्वांत सोयीचे, कारण ते सहाच वचनांचे आहे. वचने १ आणि २ तक्रार मांडतात, ३ आणि ४ मागणे मागतात, ५ आणि ६ भरवसा व्यक्त करतात. कागदाचे तीन भाग करावेत. पहिल्या भागात काय झाले ते नावानिशी लिहावे. "अडचणी आल्या" असे मोघम नको. दुसऱ्यात एकच मागणे. तिसऱ्यात भरवशाचे एक वाक्य, आणि ते आज खरे वाटत नसेल तर जागा कोरी सोडावी. बळेच भरलेली ओळ पुढच्या आठवड्यात वाचवत नाही.

आता दोष. काही बैठका जड आहेत. पंधराव्या संध्याकाळी एकटे ७८वे स्तोत्र ७२ वचनांचे आहे आणि त्यात इस्राएलाचा सगळा इतिहास येतो. २१ तारीख अख्खी अशाच दोन लांब स्तोत्रांची. २४ च्या संध्याकाळपासून २६ पर्यंत ११९व्या स्तोत्राची १७६ वचने चालतात. थकवा असेल तर अशा दिवशी अर्धेच वाचावे, क्रम मोडत नाही. याउलट २९ च्या संध्याकाळी फक्त १९ वचने आहेत.

१७ तारखेच्या सकाळी सावध असावे. ८८वे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी जे वळण असते ते यात नाही. त्याच संध्याकाळचे ८९वे देखील उत्तरार्धात, परमेश्वराने आपला करार टाकून दिला अशी तक्रार करते. नुकतेच माणूस गमावलेल्या वाचकाला कधी याच स्तोत्राने सर्वांत जास्त आधार मिळतो, कारण आपली अवस्था शास्त्रात जशीच्या तशी सापडते. पण ज्याचे मन आधीच खचलेले आहे त्याने त्या दिवशी एकट्याने वाचू नये. कुणाला तरी सोबत घ्यावे, किंवा १८ च्या सकाळचे ९०वे त्याला जोडून वाचावे.

शत्रूंवर शाप मागणारी स्तोत्रे हा तिसरा अडथळा: ११ च्या सकाळी ५८वे, २२ च्या संध्याकाळी १०९वे, २८ च्या संध्याकाळी १३७ व्याची शेवटची वचने. दुसरी व्हॅटिकन परिषद या कॅथलिक चर्चच्या मोठ्या सभेनंतर सुधारलेल्या कॅथलिक नित्यप्रार्थनेत ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे घेतलेलीच नाहीत, यावरून अडचण किती खरी आहे ते कळते. ज्याच्यावर कुणी अन्याय केला आहे त्याने मात्र ती वाचावीत असे ठामपणे वाटते. सूडाची भाषा इथे देवापुढे बोलली जाते आणि सूड देवाच्या हाती सोपवला जातो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सांगतो ते हेच. मुलांबरोबर वाचताना १३७ ची ७ ते ९ वचने सोडली तरी चालतील.

एक तांत्रिक गोष्ट: जुन्या कॅथलिक आवृत्त्यांत ९ आणि १० ही स्तोत्रे एकच धरली आहेत, त्यामुळे तिथून पुढे बराच काळ आकडा एकाने मागे असतो. मेंढपाळाचे स्तोत्र २२वे दिसले तर वरचा तक्ता त्याप्रमाणे जुळवून घ्यावा.

एकट्या स्तोत्रांनी भागत नाही

या क्रमात नवा करार नाही, आणि वरच्या शेवटच्या कसोटीवर तो इथेच कमी पडतो. उपाय सोपा आहे. चार शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय होतात: मत्तय २८, मार्क १६, लूक २४, योहान २१. स्तोत्रांच्या तीन फेऱ्या म्हणजे ९० दिवस. संध्याकाळच्या स्तोत्रांनंतर रोज एक अध्याय वाचला की तिसऱ्या फेरीअखेर चारही शुभवर्तमाने पूर्ण होतात आणि एक दिवस उरतो. त्या दिवशी करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय वाचावा. ५८ वचनांचा हा अध्याय पुनरुत्थानावरच आहे. इथे मात्र खाडा पडला तर जिथे थांबलो तिथूनच पुढे जायचे, त्यासाठी पुस्तकात खूण ठेवावी.

क्रम मार्क, मत्तय, योहान आणि शेवटी लूक असा ठेवावा. मार्क सगळ्यांत आटोपशीर आहे, म्हणून सुरुवातीला. लूक शेवटी, त्याच्या २४व्या अध्यायासाठी. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य चालले आहेत. शेजारी येशू आहे आणि ते त्याला ओळखत नाहीत. २१व्या वचनात ते म्हणतात की आम्हाला आशा होती. भूतकाळात. कठीण वर्षानंतरच्या माणसाची अवस्था यापेक्षा नेमकी कुठे लिहिलेली नसेल. येशू त्यांना लगेच ओळख देत नाही. आधी त्यांना सगळे बोलू देतो, मग शास्त्र उलगडतो, मग भाकर मोडतो. नव्वद दिवस स्तोत्रे बोलून झालेल्या वाचकाला हा प्रसंग वेगळाच भिडतो.

यूव्हर्जन: काय वापरावे, काय बंद करावे

लाइफ चर्च या अमेरिकेतल्या मंडळीने केलेले हे अ‍ॅप २००८ पासून आहे. ते मोफत आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. मराठीसकट पुष्कळ भाषांतल्या आवृत्त्या आहेत. दोन आवृत्त्या ताडून पाहता येतात, वचनावर रंग चढवता येतो, टिपण लिहिता येते. अवघड वचन सोप्या भाषेतल्या आवृत्तीशी ताडून पाहण्याची सोय फार मोलाची आहे.

रात्री डोळे साथ देत नाहीत तेव्हा ऑडिओ कामी येतो. सगळ्या आवृत्त्यांना तो नाही. ज्यांना आहे तिथे स्पीकरचे चिन्ह दिसते. वेग कमी करता येतो आणि ठरावीक वेळाने आवाज थांबेल असा टायमर लावता येतो. झोपताना ऐकायचे तर ६२ ते ६७ किंवा १२० ते १३१ निवडावीत, ७८ नको. काही आवृत्त्या डाउनलोड होतात. तशी एक उतरवून घ्यावी आणि वाचताना मोबाइल विमान मोडवर टाकावा. हे न केल्यास दुसऱ्या स्तोत्राच्या आत एखादा निरोप येतो आणि बैठक मोडते.

दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच आवरत्या घ्याव्यात. पहिली, सलग किती दिवस अ‍ॅप उघडले याची मोजणी. उत्साहात असलेल्याला ती पुढे ढकलते, पण खचलेल्या माणसाचा एक दिवस चुकला आणि आकडा पुन्हा एकवर आला की तो अ‍ॅप उघडणेच टाळतो. सेटिंगमधून तिच्या सूचना बंद कराव्यात.

दुसरी, दिवसाचे वचन. सुंदर चित्रावर एक आश्वासक ओळ रोज येते. यात खोटे काही नाही, पण सुटे वचन भलते वचन देऊन बसते. यिर्मया २९:११ हे याचे ठळक उदाहरण: तुमच्या हिताचे संकल्प, आशा आणि भविष्य. ते ज्या पत्रात आहे ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेले होते. त्याच्या आधीच्या, दहाव्या वचनात ७० वर्षांची मुदत आहे, आणि पाचव्या वचनापासून सांगितले आहे की तिथेच घरे बांधा, बागा लावा, लेकरे वाढवा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परतीचा दिवस पाहणार नव्हते. हे सगळे माहीत असताना ते वचन जास्त भक्कम वाटते. एकटे वाचले तर माणूस पुढच्या महिन्यात नोकरी मिळण्याची वाट पाहतो आणि न मिळाल्यावर देवावर रुसतो. दिवसाचे वचन आवडले तर त्यावर बोट ठेवून अख्खा अध्याय उघडावा.

अ‍ॅपमधले तयार वाचनक्रम बरेच आहेत, शोक आणि चिंता यांवरचेही. पाच-सात दिवसांचे असल्याने ते सुरू करायला सोपे. पण अनेकांत बायबलची चार-पाच वचने आणि त्याहून लांब मनन असते, आणि वाचक दुसऱ्याच्या विचारांवर राहतो. मागे पडल्यास तारखा पुढे सरकवण्याची सोय आहे, ती वापरावी. मित्रांसोबत क्रम वाचण्याची सोय मात्र खरोखर चांगली आहे. दोघे-तिघेच घ्यावेत, मोठा गट गप्प होतो. प्रार्थनांची यादीही ठेवता येते आणि उत्तर मिळाले की तशी खूण करता येते. इतरांचे आजार किंवा घरचे तपशील त्यात लिहिताना ते कुणाला दिसतील हे आधी तपासावे.

वाचनाने होणार नाही असे

कोणताही वाचनक्रम मंडळीची जागा घेत नाही. पुष्कळ स्तोत्रे "आम्ही" म्हणतात. ती सामुदायिक उपासनेतच पूर्ण अर्थ देतात. आठवड्यातून एकदा उपासनेला बसावे, गाता आले नाही तरी. आपल्याला विश्वास ठेवणे जमत नाही त्या दिवशी शेजारचा माणूस तेच शब्द म्हणत असतो, आणि तो आधार खरा असतो.

आणि हे स्पष्टच: झोप न लागणे, भूक न लागणे, कशातच रस न वाटणे असे सलग दोन आठवडे चालले, किंवा जगू नये असे विचार येऊ लागले, तर डॉक्टरांकडे जावे, आणि असे विचार असतील तर त्याच दिवशी. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो झोपतो, खातो, पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. देवाचे बोलणे ४० दिवसांच्या प्रवासानंतर, होरेब डोंगरावर येते. शरीर आधी सावरू देणे शास्त्राला मान्य आहे.

नव्वद दिवसांनंतर स्तोत्रांचा क्रम तसाच चालू ठेवून शुभवर्तमानांच्या जागी छोटी पुस्तके घ्यावीत. पौलाने तुरुंगातून लिहिलेले फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचे, पेत्राचे पहिले पत्र पाच अध्यायांचे. विलापगीताचेही पाच अध्याय आहेत आणि ते एका आठवड्यात, रोज एक असे वाचावे. त्यातली आशेची वचने मधोमध, तिसऱ्या अध्यायाच्या २१ ते २४ मध्ये आहेत, आणि त्यांच्यानंतर विलाप पुन्हा सुरू होतो, हे आधी माहीत असले म्हणजे चौथ्या दिवशी हिरमोड होत नाही. मॅकशेनचा तक्ता त्यानंतर काढावा, आणि पहिल्या वर्षी त्यातले दोनच स्तंभ घ्यावेत. उरलेले दोन दुसऱ्या वर्षी.